बोल उशिरा फुटतात तेव्हा

व्यापारी घरात रुपयाचा हिशेब रोजच्या रोज लिहिला जातो. कोणाची उधारी किती दिवसांची झाली, हे मुनीमजींना तोंडपाठ असते. मात्र घरातले बाळ आधाराविना केव्हा बसले, असे विचारले तर उत्तर येते, "दिवाळीच्या सुमारास असेल." डॉक्टरांना नेमका हाच तपशील हवा असतो.

बाळ दोन महिन्यांच्या सुमारास चेहऱ्याकडे पाहून हसते. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते, नवव्यापर्यंत आधाराविना बसते, दीड वर्षापर्यंत चालू लागते. वर्षाच्या आत नावाने हाक मारली की वळून पाहते. दीड वर्षाला हवी ती वस्तू बोटाने दाखवते आणि दोन वर्षांचे होता होता 'पाणी दे' असे दोन शब्द जोडते. थोडे मागेपुढे होतेच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. परंतु येत असलेले शब्द नाहीसे होऊ लागले, तर मुळीच थांबू नये.

आपल्याकडे अडते ते निराळ्याच ठिकाणी. वडील दुकान वाढवून घरी येतात तेव्हा मूल झोपलेले असते. दिवसभर पाहते ती आई. तिने शंका काढली की, "याचे पप्पाही तीन वर्षांनीच बोलले," असे सांगून घरातली वडीलधारी मंडळी तिला गप्प करतात. त्यामागे माया असते. आणि स्पष्टच सांगायचे तर, पुढे सोयरिकीत अडचण येईल ही धास्तीही असते. मेंदूची जडणघडण पहिल्या तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते. नेमका तोच काळ या धास्तीपायी निसटतो.

उशिरा बोलणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी आधी करावी. ती नवजात बाळाचीही होऊ शकते. टाळीने दचकले म्हणजे कान ठीक, असे समजू नये. वेळीच श्रवणयंत्र मिळाले तर अशी अनेक मुले बोलू लागतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. आपली मुले खासगी बालवाडीत जात असल्याने ते पथक त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. 'सरकारी' म्हणून नाक मुरडण्याआधी एकदा तेथे चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवण व वाचेची तपासणी करते.

जाताना तारखांची वही आणि घरी खेळणाऱ्या मुलाचे मोबाईलवरील चित्रीकरण न्यावे, कारण अनोळखी खोलीत मूल गप्प होते. वडिलांनीही सोबत जावे. तेवढा वेळ गल्ला मुनीमजी सांभाळतील.