बिलियर्डचं टेबल दोन हात सरकवताना

जुन्या जिमखान्याच्या हॉलची डागडुजी निघाली, की टेबल जरा पलीकडच्या भिंतीकडे घ्या, असं कुणीतरी सहज सांगून जातं. दहा-बारा गडी लावले की झालं, असा त्यामागचा हिशेब. पण बारा फुटी, पूर्ण मापाच्या टेबलाचं वजन दीड टनाच्या घरात असतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक भार हिरव्या कापडाखालच्या स्लेटचा. असं टेबल ढकलायचं नसतं. ते उलगडून नव्या जागी पुन्हा बांधायचं असतं.

पूर्वी ओकच्या फळ्यांवर खेळत. ओल लागली की लाकूड फुगे, वाके आणि चेंडू भलतीकडे जाई. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६च्या सुमारास स्लेट आणली. या दगडाचे थर सुटे होतात, तो घासून सपाट करता येतो आणि पावसाळ्यात फुगत नाही. १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत स्नूकर जन्मलं, तेही बिलियर्डच्या टेबलावरच. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. संथ सोडलेला चेंडू शेवटच्या वीतभर अंतरात सरळ राहील, हा भरवसा नसेल तर तसा खेळ उभाच राहत नाही. तो भरवसा टेबल उलगडून बांधणारा कारागीर, म्हणजे फिटर, देतो. खेळाच्या इतिहासात त्याला फारशी जागा मिळाली नाही, ही खंत मला वाटते.

फिटर आधी खिसे आणि कुशन्स उतरवतो, मग कापड सोडवतो. खाली स्लेटचे पाच तुकडे. सांध्यांतलं प्लास्टर खरवडायचं, स्क्रू काढायचे, प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक घालायचा. एकेक तुकडा दीडशे किलोच्या पुढे. तो नेहमी उभा, कडेवर धरून न्यायचा. आडवा उचलला तर स्वतःच्याच भाराने मधोमध तडकू शकतो. स्लेट दाब खुशाल पेलते, वाकणं मात्र तिला सोसत नाही. टेकवतानाही कोपरा आधी जमिनीवर आपटता कामा नये.

आठ-नऊ फुटी पूल टेबलात बहुधा इंचभर जाडीचे तीन तुकडे असतात. अगदी थोडं सरकवायचं असेल, तर चौकटीखाली जॅक लावून, पायांखाली चाकांच्या फळ्या घालून ते अखंड नेता येतं. कडेच्या कुशनला धरून मात्र कधीच उचलू नये. तिचे बोल्ट दगडात अडकलेले असतात. आणि फरशीवरून घसटत नेलं, की पायांचे सांधे मुळापासून ढिले होतात.

खरं कसब नंतरचं. आधी चौकट पाणसळीत आणायची, मग स्लेट मांडायची. गवंड्याची पाणसळ इथे पुरत नाही, यंत्रकामातली बारीक लेव्हल लागते. जिथे दगड केसभर खाली, तिथे चौकट आणि दगडामध्ये पातळ पट्टी सरकवायची. पुन्हा पाहायचं, पुन्हा सरकवायची. सांध्यावरून नख फिरवलं आणि ते कुठे अडलं नाही, की मगच प्लास्टर किंवा मेण भरायचं. या कामाला अख्खा दिवस गेला तरी चालेल, पण फिटरच्या मागे घाईचा लकडा लावू नये.

स्नूकरच्या कापडाची लव बॉक लाइनकडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या टोकाकडे जाते, तेव्हा नव्या जागी टेबलाचं तोंड कुठे, हे आधीच ठरवावं. जुनं कापड पुन्हा ताणलं तर क्वचितच नीट बसतं. नव्याचा खर्च धरून ठेवलेला बरा.

शेवटी जमीन. आठ पायांवर टेबल उभं, म्हणजे प्रत्येक पायाखाली पावणेदोनशे किलोंच्या आसपास. शहाबादी फरशीचा पाया पक्का असेल तर चिंता नाही. जुन्या इमारतीतली लाकडी जमीन मात्र काही आठवड्यांत हळूहळू दबते आणि लेव्हल बिघडते. म्हणून फिटरची दुसरी फेरी आणि तिचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावेत.