जखमींची गाडी कुणाच्या हुकमतीत?
अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१–६५) इतिहास आपण ग्रँट आणि ली या सेनापतींच्या नावाने वाचतो. मला डॉक्टर म्हणून त्यातले जखमींच्या गाड्यांचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते. जुन्या अंदाजानुसार सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मेले, त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश हगवण, विषमज्वर अशा रोगांनी. तिथे त्या काळचे वैद्यक हतबल होते. पण पडलेल्याला उचलणे तरी हातात होते ना! उत्तरेच्या सैन्यात गाड्या रसदखात्याच्या ताब्यात, हाकणारे भाडोत्री, गोळीबार सुरू झाला की पळणारे. ऑगस्ट १८६२ मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर जखमी कित्येक दिवस मैदानातच पडून होते. त्याच महिन्यात जोनाथन लेटरमन या लष्करी डॉक्टरांनी पोटोमॅक सैन्यातील गाड्या वैद्यकीय अधिकाऱ्यांखाली आणल्या, स्ट्रेचर उचलणारे सैनिक शिकवून तयार केले. १७ सप्टेंबरला अँटिएटमच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार ठार, जखमी वा बेपत्ता झाले. तरी उत्तरेचे बहुतेक जखमी चोवीस तासांत हलवले गेले. औषधे तीच होती. सर्व सैन्यांना ही पद्धत लागू करणारा कायदा मात्र मार्च १८६४ मध्ये झाला.