रीलमधली फेरीबोट आणि डिंभ्याची होडी

इबिझाहून फॉर्मेंटेराला निघालेल्या फेरीबोटीचं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेलं असेल. निळंशार पाणी, डेकवर उभी गँग, मागे फेसाची पांढरी रेघ. भूमध्य समुद्रातली स्पेनची ही दोन बेटं अगदी शेजारी-शेजारी आहेत. फॉर्मेंटेरावर विमानतळच नाही, त्यामुळे कितीही मोठा सेलिब्रिटी असो, जायचं ते पाण्यावरूनच. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. आपण मित्राला टॅग करून 'कधी जायचं?' विचारतो आणि पुढे स्क्रोल करतो.

रीलमध्ये एक गोष्ट मात्र दिसत नाही. त्याच बोटीत कामावर निघालेली, दवाखान्याला चाललेली तिथली माणसंही बसलेली असतात. बेटावर राहणाऱ्यांना तिकिटात मोठी सवलत मिळते आणि तिचा भार सरकार उचलतं. ग्रीसमध्ये ज्या लहान बेटांकडे पर्यटक फारसे फिरकत नाहीत, तिथल्या बोटींच्या मार्गांना 'नापीक मार्ग' असंच म्हणतात. धंदा होत नाही, तरी बोट जाते, कारण तोटा भरून द्यायला सरकार कंपनीला पैसे देतं. थोडक्यात काय, आपल्याकडे लाल परी जे काम करते, ते तिथे बोट करते.

आता घोडेगावच्या पुढे, डिंभ्याला येऊ. घोड नदीवरच्या या धरणाच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरणाची क्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. बाकीची चार, म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगा, जुन्नर तालुक्यात. या पाण्यावर पूर्वेकडची शेतं भिजतात. पण त्यासाठी मूळ आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव अजून आंबेगावचंच आहे, कचेरी मात्र घोडेगावात.

पाणी चढलं तशा नदीकाठच्या जुन्या वाटाही बुडाल्या. समोरच्या काठावरची वाडी डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा. म्हणून मग होडी. इथल्या आदिवासी वाड्यांसाठी होडी म्हणजे मासेमारीचं साधन आणि पलीकडे जायची सोयही. आपण वीकेंडला बॅकवॉटरचा फोटो काढतो, ते पाणी कुणाच्या तरी घरच्या रस्त्यावर उभं आहे.

असा प्रवास किती महागात पडू शकतो, हे उजनीने दाखवलं. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती. कुणी पिकनिकला निघालं नव्हतं. त्यांचा तो नेहमीचाच रस्ता होता.

याला उपाय नाही असंही नाही. त्यासाठी ग्रीसपर्यंत जायलाही नको. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोली भागातल्या गावांसाठी सातारा जिल्हा परिषदेची लाँच चालते. गाड्या पलीकडे न्यायला तराफा आहे. त्याच पाण्यावर पर्यटकांच्या बोटीही फिरतात आणि त्यातून गावातल्या पोरांना रोजगार मिळतो. म्हणजे फिरायला आलेला आणि घरी निघालेला, दोघांसाठी एकाच पाण्यात जागा होऊ शकते.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. जुन्नर २०१८ पासून 'विशेष पर्यटन तालुका' आहे. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट बघायला आलेली माणसं उद्या बोटिंगही मागणार. बोटी येतीलच. पण त्या फक्त शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी येणार, की सोमवारी सकाळी कॉलेजला निघालेल्या पोरीलाही त्यात जागा असणार? स्थानिकांना सवलतीचं तिकीट, ठरलेल्या वेळा, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, वारा सुटला की फेरी बंद. एवढ्या चार गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरल्या तर बरं. नंतर ठरवू म्हटलं की राहूनच जातं.

यात आपण काय करणार? बोटीत चढण्याआधी विचारायचं, की होडी किती माणसांची, नोंदणी झालीय का, जॅकेट सगळ्यांना पुरेल का. 'काय होत नाही, बसा' असं उत्तर आलं तर बसायचं नाही. आणि एनएसएसचं शिबिर या भागात असेल, तर श्रमदानाच्या जोडीला एक दिवस वह्या घेऊन वाड्यांवर जायचं. कोणती वाडी होडीवर अवलंबून आहे, किती जण जातात, पावसाळ्यात काय करतात, हे लिहून काढायचं आणि ग्रामसभेत, तहसील कचेरीत द्यायचं. बोटीची मागणी करायची तर आधी प्रवासी मोजलेले हवेत. ते काम कॉलेजची पोरं चार दिवसांत करू शकतात.