फुलीचे घर



मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भांडुपला मावशीकडे गेलो होतो. आपल्या वाडीतली कितीतरी माणसे मुंबईत असतात, म्हणून भांडुप कुठे आहे ते सांगत बसत नाही. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून टेंभीपाडा, हनुमान नगर या बाजूला गेले की चढ लागतो. घरे डोंगराला धरून एकावर एक बसली आहेत. माझी मावशी तिथे आरोग्य स्वयंसेविका आहे. घरोघर जाऊन लहान मुलांच्या लसीची माहिती लिहिणे हे तिचे काम.

मला वाटायचे, त्यात काय मोठे? दार वाजवायचे आणि बाळ आहे का विचारायचे. पण मी दोन दिवस तिच्याबरोबर फिरले. तेव्हा कळले की पायऱ्या चढण्याआधीच बरेच काम करावे लागते.

पहिले काम नकाशाचे. मावशीच्या वहीत तिने हाताने नकाशा काढला आहे. त्यात नळ, देऊळ, पिठाची गिरणी, पायऱ्या सगळे आहे. सुरुवातीचे घर आणि शेवटचे घर यांवर खूण आहे. मी विचारले, "मावशी, तुला तर सगळे रस्ते पाठ आहेत, मग नकाशा कशाला?" ती म्हणाली, "अगो, माझी हद्द संपते नि दुसरीची सुरू होते, तिथली गल्लीच राहते. मला वाटतं ती तिची, तिला वाटतं ती माझी." नवीन बांधकामावर मजुरांच्या झोपड्या पडल्या की त्याही नकाशात घालाव्या लागतात.

दुसरे काम वेळेचे. पाणी यायच्या वेळी गेले तर कोणी बोलायला थांबत नाही. सकाळी पुष्कळ आया कामावर जातात, दाराला कुलूप असते. म्हणून काही घरांसाठी मावशी संध्याकाळ राखून ठेवते.

तिसरे काम यादीचे. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे लसीचे कार्ड पाहायचे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. ज्याचा रकाना कोरा, त्याचे नाव वेगळ्या यादीत. या यादीवरूनच किती लस आणायची आणि कुठे बसायचे हे ठरते. पोलिओचे थेंब दारातच पाजता येतात. गोवराची लस मात्र टोचावी लागते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस थंडाव्यात ठेवतात, कुपीत पाणी मिसळल्यावर ४ तासांच्या आत वापरतात आणि टोचल्यावर बाळाला अर्धा तास तिथेच थांबवतात. म्हणून नावे दारोदार लिहायची आणि लस जवळच्या बालवाडीत द्यायची.

चौथे काम फुलीचे. पल्स पोलिओच्या वेळी भिंतीवर खडूने खूण करतात, ती तुम्ही पाहिली असेल. सगळ्या बाळांना थेंब मिळाले तर 'पी', एखादे राहिले तर फुली. बाळ झोपलेले होते, आजारी होते, गावी गेले होते की घरचे नको म्हणाले, हेही वहीत लिहितात. मग त्या घरी पुन्हा जायचे. मावशी म्हणाली, "पी असलेल्या घरचं काम झालेलं असतं. खरं काम फुलीच्या घरात." भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामागे अशा पुष्कळ फुल्या आहेत.

आता एक हिशेब. समजा, एका गल्लीत ३० लहान मुले आहेत आणि २७ जणांना गोवराची लस मिळाली. म्हणजे ९० टक्के. परीक्षेत एवढे मिळाले तर आपण पेढे वाटू! पण गोवराला हे गुण पुरत नाहीत. त्याला अडवायला १०० मधील ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. गोवराचा रोगी खोकून निघून गेला तरी त्याचे विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतात. लस नसलेली मुले बहुधा शेजारी-शेजारीच असतात, मग तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत आणि मुंबईच्या इतर भागांत गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. तेव्हा घरोघर तपासणी करून राहिलेली मुले शोधावी लागली.

हे सगळे सांगून झाल्यावर मावशीने माझ्या आईकडे पाहिले आणि विचारले, "ताई, आपल्या बाळाचं कार्ड कुठाय?"

माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा आहे. तो भांडुपलाच जन्मला. वर्षाचा झाला आणि आम्ही गावी राहायला आलो. कार्ड मात्र तिथल्या ट्रंकेत राहिले. ते काढून पाहिले, तर गोवराच्या दुसऱ्या डोसचा रकाना कोरा! तिथल्या वहीत लिहिले होते, "गावी गेले." इथे कोणी विचारले की आई सांगायची, "ह्याचं सगळं मुंबईला झालंय." दोन्ही ठिकाणची माणसे कामाची होती, तरी माझा भाऊ कुठल्याच यादीत नव्हता. आमचेच घर फुलीचे निघाले! आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. मावशी म्हणाली, "घाबरू नको. हा डोस चुकला तरी पाच वर्षांपर्यंत देतात." पुढच्या सत्रात त्याला सुई टोचली. तो खूप रडला आणि मग माझ्याच खांद्यावर झोपला.

म्हणून आई-बाबांनो, एक विनंती आहे. गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात मुंबईला जाता-येताना बाळाचे कार्ड कपड्यांबरोबर पिशवीत घाला. गावी राहायला आलात तर आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना कार्ड दाखवा. "सगळं झालंय" असे तोंडी सांगू नका, रकाने बघून सांगा. आणि मित्रांनो, आपल्या शेजारी मुंबईहून एखादे बाळ आले असेल तर आज घरी जाताना तेवढे विचारून या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी