घडीच्या चाकूची मूठ : दुर्मिळता, कायदा आणि कारागीर

उत्तर प्रदेशातील रामपूर या जुन्या संस्थानी शहराने मराठीसह अनेक भारतीय भाषांना 'रामपुरी' हा शब्द दिला. मुठीत मिटणारा आणि उघडताच खटक्याने घट्ट बसणारा हा चाकू हिंदी चित्रपटांमुळे गुन्हेगारीशी जोडला गेला. वस्तुतः त्यामागे पाते घडविणे, धार लावणे आणि मूठ बसविणे या कौशल्यांवर उभा राहिलेला कुटिरोद्योग आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर, घरगुती व शेतीची अवजारे वगळता, निर्बंध आहेत.

पात्याइतकाच मुठीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. चाकूची उपयुक्तता पात्यात असते. परंतु हौशी संग्राहक जी जादा किंमत मोजतो, ती बहुधा मुठीसाठी असते. ही किंमत दोन घटकांची बनलेली असते : कारागिराच्या श्रमाचे मोल आणि कच्च्या मालाच्या दुर्मिळतेचे मोल. दुसरा घटक वाढला की त्याचा लाभ बहुधा कारागिराला न मिळता माल पुरविणाऱ्या साखळीला मिळतो.

हस्तिदंताचे उदाहरण बोलके आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांपासून बनविलेल्या वस्तूंच्या व्यापारावर बंदी आली. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेले आफ्रिकी हस्तिदंतही तिच्या कक्षेत आले. आंतरराष्ट्रीय पातळीवर हे नियमन 'साइट्स' करार करतो. तो १९७५ मध्ये अमलात आला व भारत १९७६ मध्ये त्यात सहभागी झाला.

बंदीनंतर परदेशी चाकूनिर्माते सायबेरियाच्या गोठलेल्या भूमीत सापडणाऱ्या मॅमथच्या दातांकडे वळले. मॅमथ नामशेष असल्याने त्याला या कराराचे संरक्षण नाही. आडव्या छेदात दिसणाऱ्या रेषांच्या कोनावरून दोन्ही दंत ओळखता येतात : मॅमथच्या दंतात हा कोन साधारणतः ९० अंशांहून कमी, तर हत्तीच्या दंतात ११५ अंशांहून अधिक असतो. मात्र मुठीच्या पातळ पट्टीत असा छेद दिसेलच असे नाही. त्यामुळे वैध मालाच्या आडून अवैध माल खपण्याचा धोका राहतो.

ओळख पटविण्याच्या याच अडचणीचा फटका लाकडालाही बसला. शिसव व शिसम ज्या डालबर्जिया प्रजातीत मोडतात, ती संपूर्ण प्रजाती २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेतील निर्णयाने जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट दोनमध्ये आली. शिसम भारतात विपुल असूनही दुर्मीळ भावंडांसोबत तेही नियंत्रित झाले. केंद्र सरकारच्या माहितीनुसार अशा हस्तकला वस्तूंची वार्षिक निर्यात सुमारे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या उपजीविकेवर परिणाम झाला. २०२२ च्या पनामा परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून प्रत्येक नगाचे वजन १० किलोपेक्षा कमी असल्यास परवान्याची अट शिथिल झाली. अवघ्या काही ग्रॅम लाकडाच्या मुठीला ही सवलत पुरेशी आहे.

तथापि सवलत हा तात्पुरता दिलासा होय. टिकाऊ पर्याय रामपूरच्याच मुरादाबाद विभागातील संभलमध्ये दिसतो. तेथील कारागीर पाळीव म्हशींच्या शिंगांपासून वस्तू घडवितात. उत्तर प्रदेशाच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत या कलेचा समावेश आहे. शिंग तापविल्यावर मऊ होते, दाबून सपाट करता येते आणि घासल्यावर चकाकते. येथे कच्चा माल स्वस्त असतो. मोल येते ते हातातील कसबातून.

भौगोलिक निर्देशन कायदा, १९९९ हा सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. तो स्थळाशी निगडित गुणवत्तेला व नावाला संरक्षण देतो. वस्तूची किंमत प्राण्याच्या किंवा वृक्षाच्या दुर्मिळतेवर अवलंबून असेल, तर संवर्धन आणि रोजगार परस्परविरोधी ठरतात. ती कारागिराच्या कौशल्यावर व गावाच्या नावलौकिकावर आधारली, तर दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधता येतात. हस्तकला धोरणाची खरी कसोटी हीच आहे.