तीन खेळ, एक शर्यत – भाग ६ : धावण्याचा वेग आणि हृदयाचे ठोके

ट्रायथलॉनमध्ये धावण्याची पाळी शेवटी येते. नवशिक्यांना सोयीच्या स्प्रिंट अंतरात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिक अंतरात हेच आकडे दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर होतात. गोव्यात मिरामारला २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये तर १.९ किलोमीटर पोहून आणि ९० किलोमीटर सायकल मारून मग २१.१ किलोमीटर धावायचे असते. अंतर कोणतेही असो, धावायला सुरुवात होते तेव्हा हृदय तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जुंपलेले असते, मांड्या भरून आलेल्या असतात आणि अंगातले पाणी कमी झालेले असते. त्यामुळे ताज्या पायांनी पाच किलोमीटरला किती मिनिटे लागतात, याला या खेळाच्या तयारीत फारसे महत्त्व नाही. दमलेल्या अंगाने, ठोके हाताबाहेर जाऊ न देता किती वेळ धावता येते, यावर सारे ठरते. आणि ती ताकद बहुतांशी सावकाश धावूनच येते.

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतसारख्या गावात धावायला लागणारा माणूस बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. कोणी द्राक्षबागायतदार, कोणी बाजार समितीतला व्यापारी, कोणी शिक्षक. शाळेत कबड्डी, खो-खो खेळलेला आणि नंतर मैदान सुटलेला. असा माणूस पहिल्याच पहाटे शाळेतल्या आठवणीच्या वेगाने सुटतो, दोन किलोमीटरवर कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते आणि बूट कोपऱ्यात जातात. यात जिद्द कमी पडलेली नसते, वेग चुकलेला असतो. दम काही आठवड्यांत वाढतो. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे धावण्याचा मार सोसायला तयार होण्यास महिने घेतात. दम वाढला म्हणून वेग वाढवला की पाय मागे राहतात. ट्रायथलॉनच्या विद्यार्थ्याला तर त्याच पायांनी सायकलही मारायची असते.

सावकाश धावताना शरीरात काय घडते, हे नीट समजले की संयम ठेवणे सोपे जाते. हृदयाचा डावा कप्पा अधिक रक्त भरून घ्यायला शिकतो, म्हणजे एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडते आणि तेच काम कमी ठोक्यांत होते. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी केंद्रे, संख्येने आणि आकाराने वाढतात. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात. जोरात धावणारा हा साठा भराभर संपवतो. सावकाश धावणारा ऊर्जेचा मोठा वाटा चरबीतून घेतो, आणि चरबीचा साठा बारीक माणसाकडेही भरपूर असतो. हे सारे बदल कमी श्रमाच्या, पण लांब आणि नियमित सरावाने घडतात.

नाशिक जिल्ह्याचा या दमाच्या खेळांत जुना दबदबा आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. अर्ध्या तासाच्या आसपास चालणाऱ्या या शर्यतीत नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच तयार होते. वेगवान दिसणारी शर्यतही मुळात दमाचीच असते. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. दवाखाना सांभाळून हे करणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत, ही नवशिक्यासाठी मोठी गोष्ट आहे.

आता मुख्य प्रश्न: सावकाश म्हणजे किती? कमाल ठोके काढण्याचे सर्वपरिचित सूत्र २२० वजा वय असे आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र मांडले. चाळिशीत दोन्हींचे उत्तर १८० च येते. साठीत मात्र पहिले १६० सांगते आणि दुसरे १६६. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांचे कमाल ठोके वीसने वेगळे असू शकतात आणि त्यात कोणाचेच हृदय बिघडलेले नसते. घड्याळात आधीच भरून आलेल्या रंगीत पट्ट्या बहुधा अशाच सूत्रावर बेतलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये.

यापेक्षा बरी पद्धत फिनलंडच्या कार्वोनेन यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात विश्रांतीच्या ठोक्यांचाही विचार होतो. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, चहाच्या आधी, मनगटाची नाडी मिनिटभर मोजायची आणि चार-पाच सकाळींची सरासरी घ्यायची. समजा वय ३८ आहे आणि ही सरासरी ६२ आली. अंदाजे कमाल १८२; त्यातून ६२ वजा केले की १२० उरतात. हा हृदयाचा राखीव साठा. त्याचे ६० टक्के म्हणजे ७२ आणि ७० टक्के म्हणजे ८४. यांत ६२ मिळवले की १३४ ते १४६ हा सोप्या धावण्याचा पट्टा मिळतो. अमेरिकी प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचे १८० वजा वय हे ढोबळ सूत्र याच माणसाला १४२ ची वरची मर्यादा देते. दोन वेगळ्या वाटांनी आकडा जवळपास तिथेच येत असेल, तर सुरुवात करायला तो पुरेसा आहे.

तरीही शेवटचा निवाडा श्वासाचा. पट्ट्यात धावताना शेजारच्याला बाजारभाव सलग दोन-तीन वाक्यांत सांगता आला पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर घड्याळ काहीही दाखवो, वेग जास्त आहे. श्वास खोल आणि जलद होऊन बोलणे तुटू लागते, तो पहिला उंबरठा. त्याच्या वर गेल्यावर रक्तातील लॅक्टेट, म्हणजे जोरकस श्रमात स्नायूंत तयार होणारे द्रव्य, वाढू लागते. दुसऱ्या उंबरठ्यापलीकडे ते साचत जाते आणि वेग फार वेळ टिकत नाही. नवशिक्याचा बहुतेक सराव या दोन उंबरठ्यांच्या मधे होतो: धड सोपा नाही, धड कठीण नाही, पण रोज थकवणारा. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांना अव्वल दर्जाच्या रोइंगपटू आणि स्कीइंगपटूंच्या सरावात दिसले ते वेगळेच. त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे पहिल्या उंबरठ्याखाली होती. जगातले अव्वल खेळाडू इतका सराव सोपा ठेवत असतील, तर नवशिक्याने रोज धापा टाकण्याचे काहीच कारण नाही.

चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, घरात कमी वयात हृदयविकार झालेल्या व्यक्तीने आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळी चालू असेल तर ठोके औषधानेच कमी राहतात. अशा माणसाला वरची सूत्रे लागू पडत नाहीत, त्याने श्वासाच्या कसोटीवर चालावे. छातीत दाब, चक्कर किंवा डाव्या हातात कळ आली तर त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठावा.

पहिल्या आठवड्यांत आकड्याच्या आत राहणे अवघड जाते. १४६ ची मर्यादा पाळायची तर अनेकांना दर काही मिनिटांनी चालावे लागते आणि एका किलोमीटरला आठ-नऊ मिनिटे लागतात. गावात ओळखीचे लोक मोटारसायकल हळू करून विचारतात, की पळताय की चालताय. बहुतेकांचा संयम इथे सुटतो. चार मिनिटे हलके धावणे आणि एक मिनिट चालणे हा क्रम अर्धा तास ठेवला तरी सराव पूर्ण झाला असे समजावे. ठोके वर गेले की चालायचे, दहा-पंधरा ठोके उतरले की पुन्हा धावायचे.

ठोके मोजण्याच्या साधनांतही भेद आहे. मनगटावरचे घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह टिपते. निफाड तालुक्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते हमखास फसते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीचा विषय होतो, इतकी थंडी या पट्ट्यात पडते. त्या थंडीत मनगटाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घड्याळाला नाडी सापडत नाही. कधी ते पावलांची लय पकडते. अगदी हलके धावतानाही आकडा १६५ वर जाऊन हलेनासा झाला, की ते बहुधा मिनिटातली पावले मोजत आहे असे धरावे. पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटे वर, घट्ट बांधला आणि वर बाही ओढली की फरक पडतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून अधिक भरवशाचा. फक्त बांधण्यापूर्वी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्या लागतात. दोन्ही नसले तर थांबून मानेची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणावे.

ऋतू बदलला की तोच वेग वेगळे ठोके मागतो. एप्रिल-मेच्या उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, घामाने रक्ताचे आकारमान घटते आणि हृदयाला भरपाई ठोक्यांनी करावी लागते. तासाभराच्या धावण्यात वेग तोच ठेवूनही शेवटी दहा-पंधरा ठोके वाढलेले दिसतात. अशा वेळी वेग उतरू द्यावा, आकडा चढू देऊ नये. मार्च ते जून धावणे सूर्योदयाआधी उरकलेले बरे.

रस्त्याची निवडही ठोक्यांइतकीच महत्त्वाची. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्याचे सर्व्हिस रोड धावण्यासाठी नाहीत. टोमॅटोच्या हंगामात तर पिकअप आणि ट्रॅक्टरच्या रांगा बाजार समितीबाहेर लांबवर जातात. शिवारातले मुरमाचे रस्ते पायांना मऊ आणि वाहनांपासून मोकळे असतात. मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत डावणी आणि भुरी या रोगांसाठी सकाळ-संध्याकाळ ब्लोअरने फवारणी चालते. वाऱ्याबरोबर तुषार रस्त्यावर येतात. धावणारा नेहमीपेक्षा कितीतरी पट हवा आत ओढत असतो, म्हणून ब्लोअरचा आवाज आला की वाट बदलावी.

पोहण्याविषयी मागील भागात आलेली एक सूचना इथे पुन्हा देणे गरजेचे आहे. तलाव जवळ नाही म्हणून शेततळ्यात सराव करू नये. तळाला आणि उतारांना अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. गाठी मारलेला दोर काठाला बांधलेला नसेल तर सुटका नसते. आवर्तन सुटलेल्या पालखेड कालव्यातही उतरू नये. प्रवाह वरून शांत दिसतो, पण पुलाखाली आणि दरवाजांजवळ ओढून नेतो. तलावात शिकायला वय आडवे येत नाही. पाण्यावरचा खेळही उशिरा शिकता येतो. शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावे आले.

आठवड्याची मांडणी पाच-सहा तासांत बसते. दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, तीन दिवस धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. त्यासाठी एका दिवशी दोन गोष्टी येतात. धावण्याच्या तीनपैकी दोन सत्रे अर्ध्या ते पाऊण तासाची. तिसरे सायकलवरून उतरताच दहा-पंधरा मिनिटांचे. या शेवटच्या सत्रात पाय लाकडासारखे वाटतात, पावले आखूड पडतात आणि नेहमीच्या वेगाला ठोके वर जातात. हे स्वाभाविक आहे. काही आठवड्यांत शरीर हा बदल शिकते. इथे एक बाब लक्षात ठेवावी: सायकलवर शरीराचे वजन पेलावे लागत नसल्याने त्याच श्रमाला ठोके धावण्यापेक्षा साधारण पाच ते दहाने कमी दिसतात, आणि पाण्यात आडवे असताना त्याहूनही कमी. धावण्याचा पट्टा सायकलला लावला तर माणूस नकळत जास्त जोर लावतो आणि त्याची किंमत शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मोजतो.

सकाळची नाडी रोज पाहण्याची सवय इथे कामाला येते. नेहमी ६२ असणारी नाडी एखाद्या सकाळी ७० च्या वर गेली, तर झोप अपुरी आहे, ताप येऊ घातला आहे किंवा कालचा सराव अंगावर आहे. त्या दिवशी चालणे पुरे.

प्रगती मोजायला महिन्यातून एकदा तोच रस्ता, तीच वेळ आणि तेवढेच ठोके ठेवून तीन किलोमीटर धावावे. ठोके १४२ वरच असताना किलोमीटरला साडेआठऐवजी आठ मिनिटे लागू लागली, तर हृदय तेच काम कमी कष्टात करते आहे. दुसरी खूण लांबच्या धावण्यात दिसते: आधी तासाच्या शेवटी पंधरा ठोके चढत असतील आणि आता पाच-सहाच चढत असतील, तर पाया भरला.

आठ-दहा आठवडे दुखापतीविना गेले आणि सलग चाळीस मिनिटे न चालता धावता आले, की मगच वयाचे सूत्र सोडून स्वतःचा आकडा काढावा. त्यासाठी सपाट रस्त्यावर, विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा मिनिटे अंग गरम करून अर्धा तास एकट्याने जास्तीत जास्त टिकेल अशा एकसारख्या वेगाने धावायचे. पहिली दहा मिनिटे सोडून उरलेल्या वीस मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी म्हणजे दुसऱ्या उंबरठ्याचा अंदाज. ती १६८ आली, तर तिच्या ८५ ते ८९ टक्के, म्हणजे १४३ ते १५० हा सोप्या धावण्याचा नवा पट्टा. आठवड्यातले एकच सत्र यापुढे उंबरठ्याजवळ न्यावे: अंग गरम केल्यावर पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे, मधे दोन मिनिटे हलके धावणे. बाकी सत्रे होती तशीच. सायकलसाठी ही चाचणी स्वतंत्र घ्यावी लागते. तिची रीत पुढील भागात.