आवाजाची मांडणी (भाग १४) : आधी नाव-गाव, मग गाणं

आज बॅकअपवर लिहिणार होतो. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो. केज तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न बॅकअपच्याही आधीचा आहे. आपल्या गावाचं भजनी मंडळ ते बरीच वर्षं मोबाईलवर रेकॉर्ड करत आलेत. आता निवडक अभंग साफ करून, पखवाज नव्यानं वाजवून घेऊन अल्बम करायचा, म्हणून बसले, तर लॅपटॉपवर ‘रेकॉर्डिंग ७’, ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ अशा फायलींची रांग. कोणती कोणाची, ते उघडून ऐकल्याशिवाय कळत नाही. मंडळातले जुने गायक आता राहिले नाहीत, त्यामुळे काही आवाज ओळखणारंही कोणी नाही. ते विचारतात, फोल्डर कसे करू?

फोल्डरचं सांगतो, पण आधी माजलगावला जाऊ.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, जाती थांबली होती आणि जात्याबरोबर ओव्याही थांबणार हे दिसत होतं. लाखाहून जास्त ओव्या या कामातून जमल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रण व संगणकावरची नोंद नीट मार्गी लागली. १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीत बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या याच संग्रहात आहेत. आज हा सगळा ठेवा ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया सांभाळतं.

मला या संग्रहाचं वेड आहे ते त्याच्या नोंदींमुळे. प्रत्येक ओवीला क्रमांक. गाणारीचं नाव, गाव, तालुका. टेप कोणती, टेपवरचा तुकडा कोणता आणि त्यात ओवी कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होते, हेही. शिवाय विषयवार वर्गवारी: सीतेची, भावाची, सासुरवासाची, बाबासाहेबांची. म्हणून तर दोन दशकांनी, २०१७ साली, ‘पारी’चे लोक पुन्हा माजलगावला जाऊन त्या गाणाऱ्यांपैकी काही जणींना भेटू शकले. टेपवर नुसतं ‘ओव्या, बीड’ असतं तर कोणाचं दार वाजवणार होते?

तर माझं म्हणणं असं, की मांडणी लॅपटॉपवर सुरू होत नाही, माइकसमोर होते. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की गाणं सुरू व्हायच्या आधी स्वतः बोला: आजची तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव, काय गाणार, कितवा टेक. मी याला तोंडी पाटी म्हणतो. दहा सेकंदांचं काम. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच माइकवर घेत असाल तर दहा सेकंदांना दीड एमबीसुद्धा लागत नाही. सुरुवातीला राहिलं तर शेवटी बोला, पण बोलाच. फायलीचं नाव कोणीही बदलू शकतं. वेव्ह फायलीच्या पोटात माहिती भरायची सोय आहे. युरोपातल्या प्रसारण संघानं १९९७ साली ठरवलेल्या ब्रॉडकास्ट वेव्हमध्ये वर्णनाला २५६ अक्षरांची जागा ठेवलेली आहे. पण तिची एमपीथ्री केली की ते वर्णन बहुधा गळून पडतं. बोललेली पाटी एमपीथ्रीतही राहते, मोबाईलवरही राहते.

शक्य असेल तर नाव गाणारीनंच सांगावं. आपल्याकडं एखादी आजी विचारल्यावर ‘अमक्याची आई’ एवढंच सांगते. थांबा आणि तिचं स्वतःचं नाव, आडनाव, माहेरचं गाव विचारा. ओव्यांच्या बाबतीत तर माहेरचं गाव हवंच, कारण बरीच गाणी लग्न होऊन येताना बायका बरोबर आणतात.

पाटीनंतर लगेच गाणं सुरू करू देऊ नका. आणखी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. पंखा, रस्ता, लांबची मोटर, जे काय त्या जागेचं असेल ते तेवढंच रेकॉर्ड होऊ द्या. पुढे खरखर काढताना सॉफ्टवेअरला नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो, तो इथून मिळतो. केजच्या वाचकांच्या रेकॉर्डिंगमध्ये हीच शांतता नसणार, म्हणून त्यांनी दोन ओळींमधल्या श्वासाच्या जागा शोधाव्यात.

आता फाईलचं नाव. तारीख पहिली, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमानं. म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. मग गाव, गायक, गाणं, टेक. रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा, मध्ये मोकळी जागा नको. मला स्वतःला देवनागरी नावं प्रिय आहेत, पण जुनं यंत्र किंवा झिप त्यांचा चुथडा करतं. देवनागरी सगळी फोल्डरमधल्या चिठ्ठीत, साध्या टेक्स्ट फायलीत लिहा. ‘फायनल’ हा शब्द कायमचा सोडा. मिक्स ०१, मिक्स ०२ असं लिहा. शून्य हवं, नाहीतर काही ठिकाणी दहावं मिक्स दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायलीच्या नावातली तारीख खरी धरू नका, ती रेकॉर्डिंगची नसते. दुसऱ्याकडून मूळ फाईल मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा.

फोल्डर एका गाण्याला एकच. त्यात मूळ ध्वनी, प्रोजेक्ट, मिक्स आणि चिठ्ठी. मूळ ध्वनीला हात लावायचा नाही. पाटी आणि शांतता प्रोजेक्टमध्ये कापा, फायलीतून नाही. सगळ्यात जास्त घात होतो तो प्रोजेक्ट फायलीमुळे. तिच्यात आवाज नसतोच, आवाज कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. पखवाज पेनड्राइव्हवरून ओढून घेतला आणि पेनड्राइव्ह परत दिला, की ट्रॅक मुका. रीपरमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना सगळा ध्वनी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण असते, ती करा. एबलटनमध्ये त्यालाच ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ म्हणतात. इतर सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय असते, तेवढी शोधून ठेवा.

बीड जिल्ह्यात काम करणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. गायक, ढोलकीवाला, कोरसमधल्या बायका, निम्मी मंडळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परततात थेट मार्च-एप्रिलमध्ये, कधी त्याहून उशिरा. अर्धवट गाणं पाच-सहा महिने तसंच पडतं आणि तेवढ्या काळात कोणता टेक सगळ्यांना आवडला होता, पट्टी कोणती ठरली, दुसरं कडवं का गाळलं, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून सेशन संपताना, माणसं उठायच्या आत, चिठ्ठीत लिहा: पट्टी, लय, निवडलेला टेक, राहिलेलं काम. टोळी कधी परतणार, कोणाला फोन करायचा, हेही तिथंच.

केजच्या वाचकांना एवढंच सांगतो: जुन्या फायलींची नावं आत्ता बदलत बसू नका. आधी सगळ्या जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये कॉपी करा. मग मंडळातल्या सगळ्यात जुन्या माणसाला शेजारी बसवून एकेक फाईल ऐका आणि तो जे जे ओळखेल ते वहीत लिहा. दसऱ्याच्या आत उरका, कारण त्यानंतर गावात विचारायला माणसं कमी असतील. बॅकअपचं पुढच्या रविवारी नक्की.